शालेय विद्यार्थी आणि ऑनलाइन शिक्षण : किती उपयोगी, केव्हा उपयोगी?

फळा, खडू आणि गुरुजी एवढ्यावर शाळा उभी राहते, असे आपल्या मागच्या पिढीने पाहिले. आजच्या पिढीच्या वाट्याला त्यात आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे मोबाइलचा पडदा. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि 'ऑनलाइन' हा शब्द घराघरांत रुळला. पुढे शाळा उघडल्या, परंतु पडदा घरातच राहिला. आज शिकवणी, गृहपाठ, शिष्यवृत्तीची तयारी, इतकेच काय पहिलीतल्या मुलाची मुळाक्षरेदेखील मोबाइलवर शिकवावीत असा आग्रह धरला जातो. पालक कधी हौसेने, कधी शेजाऱ्याचे पाहून आणि कधी कर्ज काढून ही सोय मुलांना करून देतात.

हे शिक्षण खरोखर कितपत उपयोगी आहे, कोणाला उपयोगी आहे आणि कोणत्या परिस्थितीत ते परिणामकारक ठरते, याचा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही शिक्षणशास्त्राचे जाणकार नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत नोकरी करणारी आम्ही सामान्य माणसे. परंतु जमा किती आणि खर्च किती, हे तपासल्याशिवाय सही करावयाची नाही, ही सवय आम्हांला नोकरीने लावली आहे. तीच सवय या विषयाला लावून पाहू.

ही कल्पना नवी नाही

दूरवरचा चांगला शिक्षक खेड्यातील मुलापर्यंत पोहोचवावा, हे स्वप्न आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' या नावाने उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम दाखविले जात. पुढे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली.

शाळेत न जाता शिकण्याची सोयही जुनीच आहे. १९७९ साली मुक्त शाळेचा प्रकल्प सुरू झाला. १९८९ साली तिचे राष्ट्रीय मुक्त शाळेत रूपांतर झाले आणि त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी करीत, घर सांभाळीत या मार्गाने शिकलेली माणसे आपल्या समाजात कमी नाहीत.

या जुन्या प्रयत्नांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'साइट'मधील संच सामुदायिक होते. मुले एकत्र बसून कार्यक्रम पाहत आणि शाळेचे गुरुजी जवळ असत. आजचा पडदा एकेका मुलाच्या हातात आहे आणि तेथे जवळ कोणी असेलच असे नाही. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

साथीच्या काळाने काय दाखविले?

शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या देशाची तयारी किती होती? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के, तर शहरांत २३.४ टक्के होती. पुढे स्मार्टफोन झपाट्याने वाढले. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या पाहणीत, शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. मात्र त्याच पाहणीने आणखी एक गोष्ट सांगितली. घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. कारण उघड आहे. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जाणार. भावंडे दोन-तीन असली तर आधी दहावीच्या मुलाला आणि उरल्या वेळात धाकट्यांना. मुलीचा क्रम तर पुष्कळदा शेवटी लागतो, हे आपण आपल्या आजूबाजूलाच पाहिले आहे.

शासनाने व संस्थांनी प्रयत्न केले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ पासून सुरू असलेल्या 'दीक्षा' या मंचावर धडे उपलब्ध करून दिले गेले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. अनेक शिक्षकांनी मोबाइलवर गट करून गृहपाठ पाठविले, तर काहींनी वस्तीवर जाऊन झाडाखाली, ओट्यावर मुले बसविली. तरीदेखील पहिली-दुसरीच्या बहुतेक मुलांना दीड वर्षाहून अधिक काळ वर्गात बसता आले नाही.

त्याचा परिणाम काय झाला? निकालावरून पाहावे तर काहीच कळणार नाही. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला आणि तो ९९.९५ टक्के लागला. खरी स्थिती वाचन आणि गणितात दिसते. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्के झाले. मुले वर्गात परत आली, गुरुजी-बाई समोर आल्या, तेव्हा घसरलेले वाचन बहुतांशी सावरले.

कोणी म्हणेल, आपला देश गरीब, आपल्याकडे नेटवर्क नाही, म्हणून असे झाले. तर मग नेदरलँड्सचे उदाहरण घेऊ. इंटरनेटच्या सोयीत हा देश जगात पुढे गणला जातो आणि तेथे शाळा आठच आठवडे बंद होत्या. सुमारे साडेतीन लाख प्राथमिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की सरासरीने शालेय वर्षाच्या एक-पंचमांश इतके नुकसान झाले, म्हणजे जेवढे आठवडे शाळा बंद होती जवळजवळ तेवढ्याच काळाचे. ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्या मुलांचे नुकसान तर त्याहून बरेच अधिक झाले. उत्तम नेटवर्कनेही ही दरी भरून निघाली नाही.

असे का होते?

याचे उत्तर शोधण्यासाठी वजाबाकीचे एक साधे उदाहरण घेऊ. ५२ मधून ३८ वजा करावयाचे आहेत. अनेक मुले उत्तर २६ लिहितात. ती आठातून दोन वजा करतात, पाचातून तीन वजा करतात आणि मोकळी होतात. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा एवढेच त्यांनी ऐकलेले असते. बरोबर उत्तर १४ आहे आणि त्यासाठी दशक सोडवून घ्यावा लागतो. मोबाइलवरील चित्रफितीत दशक कसा सोडवावा हे रंगीत चित्रांसह दाखविलेले असते. मूल ती पाहते, मान डोलावते, आणि वहीत पुन्हा २६ लिहिते. चित्रफितीला ते दिसत नाही. वही पाहणाऱ्या बाईंना दिसते. त्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या काढतात, एक जुडी सोडावयास लावतात आणि पाच मिनिटांत गाठ सुटते.

म्हणजे धडा सांगणे ही शिकविण्याची अर्धी बाजू झाली. मूल नेमके कोठे अडले हे ओळखणे ही दुसरी बाजू. ऑनलाइन शिक्षणाने पहिली बाजू फार स्वस्त आणि सोपी केली, यात शंका नाही. दुसरी बाजू मात्र आपोआप होत नाही. ज्या घरात आई किंवा वडील वही तपासू शकतात तेथे ती भरून निघते. ज्या घरात मूलच पहिल्यांदा शिकत आहे, तेथे ती रिकामी राहते. ऑनलाइन शिक्षणात गरिबाचे मूल मागे पडते ते केवळ फोन नसल्यामुळे नव्हे, तर पडद्याशेजारी वही पाहणारे माणूस नसल्यामुळेही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

यश कोठे मिळाले?

या मताला आधार देणारे तीन प्रयोग येथे थोडक्यात देतो.

पहिला प्रयोग दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा. तेथील सरकारने ग्रामीण शाळांतील मुलांना प्रत्येकी एक लहान संगणक देण्याची मोठी योजना राबविली. ३१९ शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक आले, ती ते वापरूही लागली, परंतु गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र दिले, पण त्यावर काय आणि कसे शिकावयाचे याची व्यवस्था पुरेशी नव्हती.

दुसरा प्रयोग आपल्या दिल्लीतला, २०१५-१६ सालचा. शासकीय शाळांतील ६१९ विद्यार्थी यात होते. सोडत काढून काहींना शाळेनंतर एका केंद्रात प्रवेश देण्यात आला. तेथे रोज दीड तास अभ्यास असे. पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास दहा-पंधरा मुलांच्या गटात मार्गदर्शकासमोर. संगणकाचा कार्यक्रम असा होता की मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला प्रत्यक्षात किती येते ते तो तपासत असे आणि तेथूनच पुढे नेत असे. ही तपासणी केली तेव्हा सहावीची मुले गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे आणि नववीची साडेचार इयत्ता मागे असल्याचे आढळले. साडेचार महिन्यांनंतर घेतलेल्या चाचण्यांत केंद्रातील मुलांनी गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत इतरांपेक्षा चांगलीच प्रगती दाखविली. नववीच्या मुलाला पाचवीचे गणित न संकोचता शिकता आले, हे या यंत्राचे खरे बळ. मात्र हे यश एकट्या यंत्राचे म्हणता येणार नाही. केंद्र, ठरलेली वेळ, सोबतची मुले आणि समोरचा मार्गदर्शक या सर्वांचे ते मिळून आहे.

तिसरा प्रयोग आफ्रिकेतील बोत्सवाना देशाचा, २०२० सालचा. शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे गट पाडण्यात आले. एका गटाला दर आठवड्याला साध्या फोनवर गणिताचे संदेश पाठविले. दुसऱ्या गटाला संदेशांबरोबर शिक्षकाचा साधारण वीस मिनिटांचा फोन जात असे. शिक्षक पालकाला व मुलाला एकत्र बसवून एखादे गणित करून घेत. नुसत्या संदेशांचा विशेष उपयोग झाला नाही. फोनवरून माणूस बोलला तेथे मुलांचे गणित सुधारले. यासाठी ना स्मार्टफोन लागला, ना इंटरनेट.

या तिन्ही प्रयोगांचा मथितार्थ एकच आहे. साधन किती महागडे यावर परिणाम अवलंबून नाही. मूल कोठे आहे हे पाहून शिकविले जाते की नाही आणि त्याच्यासोबत कोणी आहे की नाही, यावर तो अवलंबून आहे.

जमेच्या बाजू

वरील विवेचनावरून ऑनलाइन शिक्षण टाकाऊ आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. न समजलेला भाग दहा वेळा ऐकता येतो आणि दहाव्या वेळीही कोणी रागावत नाही. हृदयाचे ठोके, ज्वालामुखी, ग्रहणे अशा फळ्यावर न दिसणाऱ्या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. इंग्रजी शब्दांचे उच्चार ऐकावयास मिळतात. आजारपणामुळे घरी असलेल्या, अपंगत्वामुळे ये-जा न करू शकणाऱ्या किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा अभ्यासाशी असलेला धागा तुटत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबविली. कोडवर फोन धरला की त्या धड्याची कविता, गोष्ट वा चित्रफीत उघडते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. येथेही कोड पुस्तकात आहे, पुस्तक मुलाच्या हातात आहे आणि गुरुजी वर्गात आहेत. तंत्रज्ञान त्यांच्या मदतीला आले, त्यांच्या जागी आले नाही.

पालकांच्या खिशाचा हिशेब

आता आमच्या व्यवसायाशी संबंधित अशा एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. गेल्या काही वर्षांत बँकेच्या काउंटरवर एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. खातेदार पासबुक पुढे करून विचारतो, "साहेब, दर महिन्याला हे पैसे कशाचे कापले जातात?" शोध घेतल्यावर कळते की मुलासाठी मोबाइलवरील अभ्यासक्रम घेतला होता, त्याचा तो हप्ता. घरी आलेल्या प्रतिनिधीने मुलाची दोन प्रश्नांची परीक्षा घेतली, "मुलगा हुशार आहे, पण मागे पडेल" असे सांगितले आणि फोनवरच संमती घेतली. पालकाला वाटते आपण फी भरतो आहोत. प्रत्यक्षात ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. मूल महिन्याभरात कंटाळले आणि अभ्यासक्रम बंद पडला, तरी कर्ज बंद पडत नाही. खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो, दंड लागतो आणि पुढे घरासाठी वा धंद्यासाठी कर्ज मागावयास गेल्यावर तीच नोंद आडवी येते.

म्हणून आमची पालकांना कळकळीची सूचना आहे. सही करण्यापूर्वी, किंवा फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणाला सांगण्यापूर्वी, तीन गोष्टी विचाराव्यात. ही फी आहे की कर्ज? कर्ज असल्यास देणारी संस्था कोणती आणि एकूण किती रुपये भरावे लागणार? अभ्यासक्रम सोडल्यास पैसे किती दिवसांत व किती परत मिळणार? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. तोंडी आश्वासनाला व्यवहारात किंमत नसते. तसेच ज्या फोनवरून आपण पैशांचे व्यवहार करतो तो मुलाच्या हाती देताना त्याचा पिन मुलाला सांगू नये.

शिवाय विकत घेण्याआधी फुकट काय आहे ते पाहावे. 'दीक्षा'वरील धडे विनामूल्य आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात. पुस्तकातील कोड उघडण्यास फी लागत नाही.

आपण काय करू शकतो?

समजा, एका घराने दरमहा अडीच हजार रुपयांप्रमाणे दोन वर्षे हप्ता भरला. त्याचे ६० हजार रुपये होतात. एवढ्या रकमेत मंडळाच्या खोलीत चार-पाच साधे टॅब आणि वर्षभराचे इंटरनेट सहज होऊ शकते. एका घराच्या खर्चात वस्तीतील वीस-पंचवीस मुले आळीपाळीने शिकू शकतात. आपल्या बहुतेक वस्त्यांत समाजमंदिर आहे, ते संध्याकाळी रिकामे असते. अशा ठिकाणी अभ्यासिका चालवावी, असे आम्ही सुचवितो. तिची रचना पुढीलप्रमाणे असावी.

१) सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ६ ते ८ ही वेळ ठरलेली असावी.

२) सुरुवातीला प्रत्येक मुलाचे वाचन आणि चार मूलभूत क्रिया तपासाव्यात. इयत्ता न पाहता, येते तेथून सुरुवात करावी.

३) अर्धा तास पडदा आणि त्यानंतर तेवढाच वेळ वही. पाहिलेल्या धड्यावरील पाच उदाहरणे हाताने सोडविल्याशिवाय पुढचा धडा उघडू नये.

४) वस्तीतील महाविद्यालयीन तरुण-तरुणींनी आठवड्यातून एकेक दिवस वाटून घ्यावा. त्यांनी शिकविलेच पाहिजे असे नाही. वही पाहावी, मूल कोठे अडले ते एका नोंदवहीत लिहावे आणि जमत नसेल तर शाळेच्या शिक्षकांना विचारावे.

५) पहिली-दुसरीच्या मुलांना पडद्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल अधिक उपयोगी.

६) मुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांना घरी पोहोचविण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.

७) दर तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. प्रगती दिसली नाही तर पद्धत बदलावी, टॅब वाढवू नयेत.

यात अवघड असे काहीच नाही. लागते ती नियमितपणे येऊन बसणारी दोन-चार माणसे. निवृत्त शिक्षक, नोकरदार, पदवीधर गृहिणी यांनी मनावर घेतले तर तीही मिळतील. आम्ही स्वतः आठवड्यातून एक दिवस देण्यास तयार आहोत.

सारांश, ऑनलाइन शिक्षण हे चांगल्या शिक्षकाच्या हाती मोलाचे साधन आहे. एकट्या मुलाच्या हाती ते पुष्कळदा करमणूक होऊन बसते, आणि गरीब पालकाच्या माथी कर्ज. ज्या घरात वही पाहणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाची वही पाहण्याचे काम वस्तीने अंगावर घ्यावे. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी निदान एका समाजमंदिरात अशी अभ्यासिका सुरू व्हावी, अशी सर्व सभासद बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे.